रात्र कोणाची वाचली?

आपल्याकडे सहलीचा बेत ठरू लागला की एक वाक्य हमखास ऐकू येते: "रात्री निघू, म्हणजे दिवस वाचेल." या वाक्याला घरात सहसा कोणी विरोध करीत नाही. रात्री निघाले की एक रजा वाचते, लॉजचे एका रात्रीचे भाडे वाचते, मुले गाडीतच झोपून जातात आणि सकाळी डोळे उघडतात ते थेट समुद्रासमोर. हिशेब इतका सरळ आहे की त्यात एक माणूस धरायचाच राहून गेला, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. तो माणूस आपल्यापुढे, अंधारात, आपल्याकडे पाठ करून बसलेला असतो.

हे शहाणपण मला आपोआप सुचलेले नाही. ते मला पेणच्या आत्याने रात्री पावणेतीन वाजता, पोलादपूरच्या पुढे, रस्त्याच्या कडेला उभे करून शिकवले. त्या रात्रीची हकीकत आज सांगायची आहे. तीत कोणाचे बरेवाईट झाले नाही. म्हणूनच ती सांगता येते.

२०२२ सालच्या डिसेंबरची गोष्ट. आमच्या मावळातल्या सगळ्या नातेवाइकांनी मिळून सिंधुदुर्ग किल्ला पाहायला मालवणला जायचे ठरवले. तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा असे सगळीकडे विखुरलेले आम्ही बत्तीस जण, त्यांत सात मुले. मुलांना बेटाचे फार आकर्षण. चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये किल्ला, होडीत बसल्याशिवाय जाताच येत नाही, हे ऐकून धाकट्याने आठवडाभर आधीच पोहण्याचा चष्मा डोक्याला लावून ठेवला होता. सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. गाडी मीच ठरवली.

मालवणला जायचे तर पुण्याकडचे लोक बहुधा कोल्हापूरचा रस्ता धरतात. पण आमचे मेहुणे खोपोलीला आणि आत्या पेणला. त्यांना वाटेत घ्यायचे, म्हणून बोरघाट उतरून कोकणातून जायचे ठरले. रात्री आठला तळेगावहून गाडी सुटली. लोणावळ्यात नेहमीप्रमाणे चिक्कीसाठी अर्धा तास गेला. ज्यांच्या घरापासून चिक्कीचे दुकान दहा मिनिटांवर आहे त्यांनीही चिक्की घेतली, कारण सहल म्हटली की लोणावळेकरालासुद्धा आपण पाहुणे आहोत असे वाटू लागते. मग खंडाळा मागे पडले. पूर्वी इथे डोक्यावरून अमृतांजन पूल जायचा. १८३० सालचा तो पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला, पण आमच्या पिढीची मान त्या जागी अजून आपसूक वर होते.

एक्स्प्रेस-वे सोडून जुन्या रस्त्याला लागल्यावर शिंग्रोबाचे देऊळ येते. घाटाची वाट इंग्रजांना ज्या धनगराने दाखवली, आणि सांगतात की काम झाल्यावर ज्याला त्यांनी मारून टाकले, त्याचे हे देऊळ. इथून जाणारे चालक नाणे टाकतात, हात जोडतात. आमच्या चालकानेही गाडी हळू करून नाणे टाकले. तिशीतला, किरकोळ अंगाचा, अबोल मुलगा. वाट दाखवणाऱ्याचे काम झाले की त्याला विसरायचे, ही रीत या घाटाइतकीच जुनी असावी, असे आज वाटते. त्या रात्री मात्र असे काही वाटले नाही. मागे गाण्याच्या भेंड्या रंगात आल्या होत्या.

खोपोलीला मेहुणे चढले, पेणला आत्या. आत्याने तीस वर्षे सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून काढलेली. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण रात्रपाळीची सवय अंगात मुरलेली. तिला पुढची जागा दिली. बारा वाजता दिवे बंद झाले, साडेबारापर्यंत भेंड्याही संपल्या आणि माणगावच्या आत सगळी गाडी घोरू लागली.

महाडजवळ सावित्रीचा पूल ओलांडताना मला जाग आली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. पण कोकणात जाणारा माणूस इथे आल्यावर मनातल्या मनात एक क्षण गप्प होतो. मी तसाच जागा राहिलो. म्हणूनच पुढचे मला दिसले.

पोलादपूर मागे पडले होते. रस्ता सरळ होता, समोर कोणी नव्हते. आणि गाडी अगदी शांतपणे, कोणी ठरवून न्यावी तशी, डावीकडे सरकू लागली. डाव्या चाकांखाली खडी वाजली. दगड पत्र्यावर तडतडले. दुसऱ्याच क्षणी गाडीला हिसका बसला आणि ती पुन्हा डांबरावर आली. मागे कोणी कूस बदलली, एका मुलाने "आलं का मालवण?" विचारले आणि तो परत झोपला. एवढेच. सेकंदभराचा खेळ.

"गाडी बाजूला घे, बाळा," आत्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

"काय नाय आत्या, खड्डा होता."

"खड्डा नव्हता. मी पेणपासून बघतेय. तू तीनदा तंबाखू मळलीस, एवढ्या थंडीत खिडकी उघडी ठेवलीस, आणि मघाशी मी विचारलं त्याला उत्तरच दिलं नाहीस. काल रात्री कुठं होतास?"

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "शिर्डीला होतो. सकाळी आलो."

आदली सगळी रात्र त्याने शिर्डीहून गाडी आणली होती. सकाळी दहाला पोचला, गाडी धुतली, डिझेल भरले, दुपारी दीड तास आडवा झाला आणि संध्याकाळी आमच्या दारात हजर. हे सांगताना त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. डिसेंबरात असेच असते, एवढेच त्याचे म्हणणे.

पुढे एक टपरी उघडी होती. तिथे गाडी थांबली आणि मग खरा गोंधळ झाला. झोपमोड झालेले बत्तीस जण, त्यांतल्या तरुण मंडळींनी सकाळी नऊ वाजता तारकर्लीला समुद्राच्या तळाशी उतरण्यासाठी आगाऊ पैसे भरलेले. "चहा पाजा त्याला, होईल ताजा." "तोंडावर पाणी मारलं की झालं." "आम्ही गप्पा मारत बसतो त्याच्याजवळ." चालक तर आमच्याहून घाईला आलेला. "आत्या, उशीर झाला तर माझी बोंब होईल. मालक मला विचारतील." मालकांना फोन लावला. तीन वाजता कोण फोन उचलतो?

आत्याने मुलांपैकी एकाला कडेवर घेतले आणि बाकड्यावर जाऊन बसली. "तुम्ही जा. आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं येऊ. वॉर्डात चुका कधी होतात माहीत आहे? तीन ते पाच. चांगल्या पोरींच्या हातून व्हायच्या. चहा पिऊन व्हायच्या."

आत्याला सोडून गाडी पुढे नेण्याची हिंमत अर्थातच कोणात नव्हती. चालक मागच्या लांब सीटवर आडवा झाला आणि मिनिटभरात घोरू लागला. दोन तास दहा मिनिटे. शाली पांघरून आम्ही टपरीवर बसलो. मुलांना ताऱ्यांचे एवढे मोठे आभाळ प्रथमच दिसले. पण माझे लक्ष तिकडे नव्हते. मला एक गोष्ट आठवत होती, आणि ती मी त्या रात्री कोणालाच सांगितली नाही.

गाडी ठरवताना मालकांनी विचारले होते, "रात्रीचा प्रवास आहे, दुसरा ड्रायव्हर देऊ का? दोन हजार जास्त पडतील." आणि मी म्हणालो होतो, "नको, एक पुरे. आम्ही काय रोज जातो का?" माणशी साठ-पासष्ट रुपये. लोणावळ्यात आम्ही त्याहून जास्त पैशांची चिक्की घेतली होती.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की रात्रीच्या गाडीला अपघात झाला की आपण तीन जणांना दोष देतो: चालकाला, गाडीच्या मालकाला आणि सरकारला. तिघांचाही वाटा असतोच. पण चौथा वाटेकरी मागच्या सीटवर पांघरूण घेऊन झोपलेला असतो. "सकाळी सातला पोचलंच पाहिजे" अशी अट घालणारा तो. भाव पाडणारा तो. रात्रभर गाडी चालवलेल्या माणसाकडून दिवसभर गावातली ठिकाणे पाहून घेणारा आणि संध्याकाळी "आता निघू या, सोमवारी ऑफिस आहे" म्हणणाराही तोच. म्हणजे तुम्ही आणि मी.

झोप ही इच्छाशक्तीने परतवायची गोष्ट नाही. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी बस एका सेकंदात सुमारे सतरा मीटर जाते. चालकाचा डोळा तीन सेकंद लागला तर पन्नास मीटर रस्ता कोणीही पाहत नसते. ज्याचा डोळा लागतो त्याला तो लागल्याचे पुष्कळदा कळतही नाही. आमच्या चालकाला खरोखरच तो खड्डा वाटला असेल. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात आपला प्रयोग प्रसिद्ध केला होता. सलग १७ तास जागा असलेला माणूस, रक्तात दर १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकाच मंदावतो, असे त्यांना आढळले. २४ तास जागरण झाले तर हे प्रमाण दुप्पट. आपल्या कायद्यात चालकाच्या रक्तातल्या मद्यार्काची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे जागरण केलेला चालक दारूच्या मापाने मोजला तर कधीच गुन्हेगार ठरला असता. फरक इतकाच, की दारू प्यालेल्या चालकाच्या गाडीत आपण मुलांना बसवत नाही. जागरण केलेल्या चालकाला मात्र "फार कष्टाळू पोरगा" म्हणून शाबासकी देतो.

आणि हे ज्ञान काही आजचे नाही. १९६१ साली संसदेने मोटार वाहतुकीतल्या कामगारांसाठी कायदा केला, तेव्हाच दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती, असे त्यात लिहिले होते. लांब पल्ल्यासाठी मंजुरीने थोडी सवलत होती, इतकेच. नियम कागदावर होता. पण एका गाडीचा मालक आणि त्याचा एकच चालक यांच्यात तो कागद कोण वाचून दाखवणार?

आम्हा मावळच्या लोकांना तर याचा धडा दारातच मिळालेला आहे. याच बोरघाटातून १८६३ पासून रेल्वे धावते. सदतीस फुटांना एक फूट असा चढ. कर्जतहून वर येताना गाडीला मागून जादा इंजिने जोडतात. उतारावर एखादी गाडी ताब्यातून सुटलीच तर तिला चढाकडे वळवून थांबवण्यासाठी वेगळे रूळ टाकून ठेवलेले आहेत. ज्यांनी हे केले त्यांना आपल्या इंजिनचालकांवर विश्वास नव्हता असे नाही. माणूस थकतो, ब्रेक निकामी होतो, हे त्यांनी आधीच धरून चालले होते. त्याच घाटातल्या रस्त्यावर मात्र आपण उलटे धरून चालतो: आपला माणूस थकणारच नाही.

आमच्या सहलीनंतर चार महिन्यांनी, १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे, त्याच शिंग्रोबाच्या देवळाजवळ एक खासगी बस दरीत कोसळली. पुण्याकडचा कार्यक्रम आटोपून मुंबईला परतणारे ढोल-ताशा पथकातले तरुण तीत होते. तेरा जण गेले. त्याच वर्षी १ जुलैला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला येणाऱ्या खासगी बसला अपघात होऊन आग लागली. पंचवीस जण गेले. या अपघातांची कारणे मी सांगणार नाही. तो माझा अधिकार नाही, आणि प्रत्येक वेळी झोपच कारण असते असेही नाही. पण दोन्ही वेळा गाडीतले लोक आपापल्या घरी "सकाळी पोचतो" असे सांगून निघालेले असणार, एवढे मात्र मी ओळखू शकतो. मीही तसेच सांगून निघालो होतो.

मग रात्रीचा प्रवास बंदच करावा काय? तसे म्हणणे सोपे, पण ते खरे नव्हे. एसटीच्या रातराणीने खेड्यापाड्यांतल्या किती माणसांना इस्पितळात, परीक्षेला, मुलाखतीला वेळेवर पोचवले आहे. गणपतीला गावी जाणारा चाकरमानी रात्रीच निघणार, कारण दिवस त्याच्या मालकीचा नसतो. ज्याला रजा नाही, ज्याला लॉजचे भाडे परवडत नाही, त्याला "दिवसा जा" हा उपदेश करण्यात अर्थ नाही. माझे म्हणणे त्या सक्तीच्या प्रवासाबद्दल नाही. ते हौसेच्या प्रवासाबद्दल आहे. तिथे घाई आपण स्वतःच निर्माण केलेली असते, आणि ती आपल्याला कमीही करता येते.

करायचे ते फार नाही. गाडी ठरवताना आपण आसने मागे झुकतात का, टीव्ही आहे का, एसी चालतो का, हे विचारतो. त्यातच आणखी दोन प्रश्न विचारावेत: गाडी कोण चालवणार, आणि आदल्या रात्री तो कुठे होता? रात्रभराचा पल्ला असेल तर दुसरा चालक मागावा आणि त्याचे पैसे कुरकुर न करता द्यावेत. पहाटे दोन ते पाच या वेळात गाडी थांबेल असा बेत आधीच आखावा, म्हणजे टपरीवर भांडण होत नाही. आणि मुक्कामी पोचल्यावर आपल्या खोल्यांबरोबर चालकासाठी एक खाट धरावी. गावोगावच्या लॉजांत याची सोय नसते. चालक गाडीतच झोपतात, भर उन्हात, काचा लावून. तमिळनाडू सरकारने २०२३ साली हॉटेले आणि लॉजांना पाहुण्यांच्या चालकांसाठी झोपण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय करणे बंधनकारक केले. लोणावळ्यासारख्या गावाने, जिथे दर शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या गाड्यांना उभे राहायला जागा पुरत नाही, हा नियम सरकारने करण्याची वाट कशाला पाहावी?

आमची गाडी मालवणला पोचली तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. तारकर्लीचे पैसे बुडाले. तरुण मंडळी आत्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाहीत. साडेतीनला होडीने किल्ल्यात गेलो. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा, शिवराजेश्वराचे मंदिर, सारे पाहून झाले. मग वाटाड्याने विहिरी दाखवल्या: दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चोहोकडे खारा समुद्र आणि आत तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. धाकट्याने विचारले, "हे पाणी नसतं तर?" वाटाड्या म्हणाला, "तर मग हा तट कोणी राखला असता?" आत्याने माझ्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही. तिला बोलण्याची गरजही नव्हती.

चालक किल्ल्यात आला नव्हता. लॉजवाल्याला विचारून आम्ही त्याच्यासाठी एक खाट घेतली होती. एका थाळीच्या पैशात मिळाली. तो दुपारी एकला झोपला तो रात्री जेवायलाच उठला. "आठ वर्षं झाली या धंद्यात," जेवताना तो म्हणाला, "टूरवर खाटेवर झोपलो ते आजच."

परतताना आम्ही बेत बदलला. रात्री निघायचे होते, ते सकाळी सहाला निघालो. सगळ्यांची एकेक रजा गेली. थोडी कुरकुर झाली. पण बोरघाट चढताना अजून उजेड होता. जी मुले या घाटाच्या माथ्यावर राहतात त्यांनी नागफणीचा सुळका बसच्या खिडकीतून पहिल्यांदाच नीट पाहिला, कारण आजवर ती इथून झोपूनच गेली होती. शिंग्रोबाच्या वळणावर चालकाने नाणे टाकले. या वेळी मीही एक टाकले.

पुढच्या महिन्यात सुट्ट्या जोडून आल्या असतील आणि तुमच्याही घरी कोणी म्हणाले असेल, "रात्री निघू, दिवस वाचेल," तर जरूर निघा. फक्त निघण्यापूर्वी पुढे जाऊन त्या माणसाला विचारा, "दादा, काल झोप झाली का?" आणि उत्तर "नाही" असे आले, तर तुमच्यातला कोणी तरी एक जण बाकड्यावर बसून राहायला तयार असू द्या. आमच्याकडे आत्या होती. प्रत्येक गाडीत ती असतेच असे नाही.